प्लेगच्या रोग्याला हात लावणारी माणसे

मराठी माणसाला प्लेगचा इतिहास माहीत आहे तो बहुतेक प्लेग अधिकारी रँडच्या नावाने. सोजीर घरात शिरले, देवघरे बाटली, चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली, टिळक तुरुंगात गेले. हा इतिहास खरा आहे आणि तो सांगितला गेलाच पाहिजे. पण त्याच काळात, त्याच मुंबई-पुण्यात, आणखी एक हकिकत घडत होती. रोग्याच्या उशाशी बसणारे, त्याची थुंकी पुसणारे, त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठणारे, त्याचे रक्त तपासणारे लोक त्याच रोगाने मरत होते. त्यांच्या मरणातून वैद्यकशास्त्र लवकर शिकले. समाज आणि कायदा मात्र फार उशिरा शिकले. ती हकिकत इथे क्रमाने सांगायची आहे.

हाँगकाँगहून मांडवीला

१८९४ मध्ये प्लेग हाँगकाँगला पोहोचला. फ्रेंच सरकारच्या वतीने आलेले अलेक्झांडर येर्सिन आणि जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो तिथे एकाच वेळी रोगाचे मूळ शोधत होते. त्याच वर्षी येर्सिन यांनी प्लेगच्या जंतूचे नेमके वर्णन केले आणि पुढे जंतूला त्यांचेच नाव मिळाले. या शोधाची किंमत पहिल्याच महिन्यात दिसली. कितासातो यांच्यासोबत आलेले डॉ. आओयामा आणि डॉ. इशिगामी हे दोघेही प्लेगने अंथरुणाला खिळले. आओयामा प्रेतांची चिरफाड करून तपासणी करत होते. दोघे वाचले, पण प्लेगच्या रोग्याजवळ जाणारा डॉक्टर सुरक्षित नाही, हे तिथेच उघड झाले.

दोन वर्षांनी रोग मुंबईत उतरला. बंदराला लागून असलेल्या मांडवीत धान्याची कोठारे होती, दाटीच्या चाळी होत्या आणि उंदरांचा सुळसुळाट होता. २३ सप्टेंबर १८९६ रोजी गोव्याच्या वंशाचे डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनी मांडवीतल्या एका रोग्याला तपासून हा प्लेग असल्याचे निदान केले. निदान पक्के करायला ते स्वतः त्या कोंदट खोल्यांतून हिंडले. प्रशासन सुरुवातीला मान्य करायला तयार नव्हते. मान्य केले तोवर रोग शहरभर पसरू लागला होता आणि माणसे आगगाडीने, बोटीने, पायी गावाकडे निघाली होती.

महापालिकेने रोग्यांना सक्तीने आर्थर रोडच्या रुग्णालयात हलवायला सुरुवात केली. लोकांना ते रुग्णालय मरणाचे घर वाटे. तिथे रोग्याला मारून त्याच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशी आवई उठली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी रुग्णालयावर हल्ला केला. आतल्या कर्मचाऱ्यांपुढे एका बाजूला रोग होता आणि दुसऱ्या बाजूला दगड. तरी रुग्णालय चालू राहिले. डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी तिथे शेकडो रोगी पाहिले, त्यांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्यांचे अहवाल पुढे प्लेगच्या अभ्यासकांना आधार ठरले.

हल्ल्यानंतर पालिकेने सक्ती सैल केली. त्यामागचे एक कारण आयुक्त पी. सी. एच. स्नो यांच्या अहवालात सापडते. हलालखोर, म्हणजे मैला वाहणारे आणि गटारे साफ करणारे कामगार, घाबरून मुंबई सोडून गेले असते तर शहर राहण्याजोगे उरले नसते, ही धास्ती अधिकाऱ्यांना होती. आरोग्याची सगळी इमारत ज्या हातांवर उभी आहे ते हात कोणाचे, हे त्या धास्तीने कबूल केले. पण त्या हातांचे संरक्षण कसे करायचे, याचा विचार तेव्हा झाला नाही.

जे.जे.तले दोन मृत्यू

जानेवारी १८९७ मध्ये जे.जे. रुग्णालयाचे डॉ. रॉबर्ट मॅन्सर आजारी पडले. ताप होता, छातीत कफ होता, पण जांघेत किंवा काखेत गाठ नव्हती. प्लेग म्हणजे गाठीचा ताप, अशीच तोवर सर्वांची समजूत. मॅन्सर काही दिवसांतच गेले. त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका जॉइस हीसुद्धा तशाच आजाराने गेली. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये विकृतिशास्त्र शिकवणारे डॉ. चाइल्ड यांनी अशा रोग्यांच्या फुप्फुसांची तपासणी केली तेव्हा प्लेगचे जंतू थेट तिथेच सापडले. गाठीशिवायही प्लेग असतो, तो फुप्फुसात घर करतो आणि खोकल्यावाटे एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे ज्ञान वैद्यकाला मिळाले ते अशा मृत्यूंमुळे.

गाठीच्या प्लेगमध्ये रोग्याजवळ बसणाऱ्याला तितका धोका नसतो. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये सर्वात मोठा धोका जवळ बसणाऱ्यालाच असतो. नाडी पाहायला, औषध पाजायला, ओकारीचे भांडे धरायला जो वाकतो, त्याच्या नाकातोंडात रोगाचे तुषार जातात. आज मास्क लावून रोग्याजवळ जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या सवयीमागे हे ज्ञान आहे.

त्याच रुग्णालयाच्या आवारात, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत, व्लादिमीर हाफकिन लस तयार करत होते. ते ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले होते. त्यांना मिळालेली जागा थोडी, मदतनीस मोजके. जिवंत प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग ते मारून लस करायची, असे हे काम. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिला डोस स्वतःला टोचून घेतला. ताप आला, दंड सुजला, तरी ते काम करत राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा गेली. तिचे नाव १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाले.

हडपसरचा ससाणे मळा

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. अवघ्या काही कलमांचा हा कायदा. सरकारला साथीच्या काळात हवे ते उपाय करण्याची मुभा, न जुमानणाऱ्याला शिक्षा, आणि कायद्यान्वये सद्‌भावनेने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असे संरक्षण. हे संरक्षण खटल्यापासून होते. रोगापासून, मारहाणीपासून किंवा घरच्यांच्या उपासमारीपासून नव्हते.

पुण्यात १८९६ च्या अखेरीस रोग मूळ धरू लागला होता. सावित्रीबाई फुले तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. जोतीराव १८९० मध्ये गेल्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांच्या खांद्यावर होती. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलांसाठी अन्नछत्रे चालवली होती, त्यामुळे संकटात घराबाहेर पडणे त्यांना नवे नव्हते. त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव डॉक्टर होऊन लष्करी सेवेत होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले आणि पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, मोकळ्या रानात त्यांचा दवाखाना सुरू झाला. सरकारी इस्पितळाच्या नावाने थरकापणाऱ्या लोकांना, विशेषतः ज्यांना गावाच्या वेशीतही जागा नव्हती अशांना, हा दवाखाना आपला वाटला.

फुले चरित्रकारांनी पुढची हकिकत नोंदवली आहे. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीबाईंना कळले. त्या तिथे गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

या तारखेनंतर तीनच दिवसांनी, १३ मार्च रोजी, रँडच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी पुण्यात घरझडती सुरू केली. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, रोग्यापर्यंत पोहोचण्याच्या दोन रीती दिसल्या. एका रीतीत बंदूकधारी शिपाई दारात उभे होते आणि लोक रोगी माळ्यावर लपवत होते. दुसऱ्या रीतीत एक वृद्ध बाई स्वतः रोग्याच्या घरी गेली आणि लोकांनी रोगी तिच्या स्वाधीन केला. साथ आवरायला लोकांचा विश्वास लागतो आणि तो विश्वास हात लावणाऱ्या माणसाला मिळतो. पहिली रीत मे महिन्यात आटोपली, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. दुसरी रीत मात्र पुढे चालू ठेवायला सावित्रीबाई उरल्या नव्हत्या.

यशवंतरावांनी हा वारसा सोडला नाही. १९०५ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली आणि १३ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांचे निधन झाले. आई आणि मुलगा, दोघांचाही बळी एकाच रोगाने, एकाच कामात घेतला. यशवंतरावांच्या मागे त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंची परवड झाली, राहते घर विकावे लागले, असे चरित्रकार सांगतात. साथीत सेवा करताना मेलेल्याच्या घरच्यांना सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलाच नाही.

मुंबईचे जंतू व्हिएन्नात

१८९७ मध्ये ऑस्ट्रियातून प्लेगच्या अभ्यासासाठी एक वैद्यकीय पथक मुंबईला आले होते. डॉ. हेर्मान फ्रान्झ म्युलर त्यात होते. त्यांनी मुंबईत रोग्यांवर उपचार केले, नोंदी घेतल्या, आणि परत जाताना पथकाने जंतूंचे नमुने सोबत नेले. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या नमुन्यांवर काम चालू राहिले.

ऑक्टोबर १८९८ मध्ये त्या प्रयोगशाळेत प्राण्यांची देखभाल करणारा आणि भांडी साफ करणारा सेवक, फ्रान्झ बारिश, खोकू लागला. म्युलर यांनी मुंबईत असा खोकला पाहिला होता. त्यांनी रोग ओळखला, बारिशला वेगळे ठेवले आणि स्वतः त्याच्याजवळ थांबले. १८ ऑक्टोबरला बारिश गेला. म्युलर यांना लक्षणे दिसू लागताच त्यांनी स्वतःला कोंडून घेतले आणि आपल्याजवळ कोणी येऊ नये याची काळजी घेतली. २३ ऑक्टोबरला ते गेले. बारिशची शुश्रूषा करणारी परिचारिका आल्बिने पेखा हीही त्याच महिन्यात गेली. रोग तिघांपलीकडे गेला नाही. मुंबईत शिकलेल्या धड्याने व्हिएन्ना वाचवले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

या तिघांतला क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी सेवक, मग डॉक्टर, मग परिचारिका. स्मारक मात्र त्या आवारात उभे राहिले ते डॉक्टरांचे.

पिसू सापडली, वाट सापडली

गाठीचा प्लेग माणसाला होतो कसा, हे कोडे अजून सुटले नव्हते. मुंबईत काम केलेले फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी जून १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले, की रोगी उंदराच्या अंगावरची पिसू निरोगी उंदराला चावली की रोग जातो. अनेकांनी त्यांची थट्टा केली. मुंबईच्या परळमधल्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने सविस्तर प्रयोग केले तेव्हा सिमाँ बरोबर ठरले.

या शोधाने जुने निरीक्षण उलगडले. स्वच्छ, हवेशीर रुग्णालयात गाठीच्या रोग्यांजवळ राहणारे कर्मचारी आणि नातेवाईक सहसा आजारी पडत नसत. तिथे उंदीर नव्हते, म्हणून पिसवाही नव्हत्या. घरोघरी जाणारे, रोग्याचे कपडे-अंथरूण उचलणारे, धान्याच्या कोठाराशेजारी राबणारे मात्र पिसवांच्या तावडीत सापडत. थोडक्यात, रुग्णालयातल्यांना भीती खोकणाऱ्याची होती आणि घरी जाणाऱ्यांना उंदराची. दोन्हींना वेगवेगळे संरक्षण हवे, हे कळायला दहा वर्षे आणि असंख्य जीव लागले.

तोवर रोग पुण्या-मुंबईपुरता राहिला नव्हता. तो रेल्वेने आणि रस्त्यांनी दख्खनभर गेला. सोलापूरने प्लेग पाहिला. सोलापूरहून हैदराबादकडे जाणारी वाट नळदुर्ग, जळकोट, उमरगा अशी जाते. तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यातल्या नळदुर्ग जिल्ह्यात होता, आजचा धाराशिव. निजामाच्या राज्यातही प्लेग पोहोचला. मोठ्या रस्त्यावरच्या गावाला व्यापार मिळतो आणि साथही आधी मिळते. गावात उंदीर मरून पडू लागले की लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ही आठवण घराघरात सांगितली जाई. उंदीर आणि पिसवा मागे राहिल्याने हा उपाय खरोखर लागू पडे. पण रोग्याजवळ थांबणारा, त्याला पाणी पाजणारा आणि शेवटी तिरडी उचलणारा कोणीतरी मागे राहतच असे.

१८९६ पासून पुढच्या काही दशकांत भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यांत सेवा करताना किती गेले, त्याची वेगळी वही कोणी ठेवली नाही.

मास्क, कॅप्सूल आणि विमा

१९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग उसळला आणि सुमारे ६०,००० माणसे मेली. साथ आवरायला पाठवलेले तरुण डॉक्टर वू लिएन-ते यांनी कापूस आणि जाळीच्या कापडाचा मास्क सर्व कर्मचाऱ्यांना बांधायला लावला. ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर मेनी यांना हे पटले नाही. ते मास्कविना रोग्यांत गेले आणि काही दिवसांत प्लेगने गेले. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कविषयी वाद उरला नाही.

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले आणि प्लेग बरा होऊ लागला. तरी भीती गेली नव्हती. ऑगस्ट १९९४ मध्ये मराठवाड्यात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. अनेक खासगी डॉक्टरही दवाखाने बंद करून गेले. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांनी किल्ला लढवला. या वेळी त्यांच्या हाती मास्क होता, प्रतिबंधासाठी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल होत्या. १८९७ मध्ये मॅन्सर आणि जॉइस यांच्याकडे यातले काहीच नव्हते. ज्यांना संरक्षण मिळाले ते थांबले आणि रोग आटोक्यात आला, हा १९९४ चा धडा आहे.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा देशाने हाती घेतला तो १८९७ चाच कायदा. मार्चमध्ये मुंबईचे पहिले रोगी दाखल झाले ते कस्तुरबा रुग्णालयात, म्हणजे आर्थर रोडच्या त्याच जुन्या साथरोग रुग्णालयाच्या वारसाकडे. एप्रिलमध्ये परिचारिकांना लागण झाल्याने शहरातली काही खासगी रुग्णालये बंद ठेवावी लागली. देशात ठिकठिकाणी आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगड पडले. महाराष्ट्राने डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० मध्येच राज्याचा कायदा केला होता. केंद्राच्या साथरोग कायद्यात मात्र अशी तरतूद आली ती २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने. आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठरली. आर्थर रोडवरच्या हल्ल्यापासून हे व्हायला १२३ वर्षे लागली. त्याच वसंतात आशा स्वयंसेविकांसह कोविड कामात मृत्यू येणाऱ्यांच्या वारसांना ५० लाख रुपयांचा विमा जाहीर झाला. चंद्रभागाबाईंना जे मिळाले नाही ते निदान कागदावर तरी आले.

कागद आणि गाव यांच्यातले अंतर मात्र उरले. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा स्वयंसेविका मानधनासाठी आणि संरक्षणासाठी संपावर गेल्या, तेव्हा त्या वर्षभर घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८०,००० ते १,८०,००० आरोग्य कर्मचारी करोनाने गेले.

सव्वाशे वर्षांचा हा प्रवास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. साथीत रोग्याला हात लावणारा माणूस पडला की पाठोपाठ त्याने सांभाळायची सगळी माणसे उघडी पडतात. म्हणून त्याचे संरक्षण हे साथ आवरण्याचे पहिले काम आहे, आणि ते शेवटच्या पायरीवरून सुरू व्हायला हवे: बारिशसारख्या प्रयोगशाळेतल्या सेवकापासून, हलालखोरांच्या आजच्या वारसांपासून, आशाताईपासून. पुढची साथ जळकोटच्या रस्त्यानेच येईल की दुसऱ्या वाटेने, ते कोणी सांगू शकत नाही. पण ती येण्याआधी गावाला काही करता येते. आपल्या आरोग्य केंद्रात मास्क, हातमोजे आणि लसी पुरेशा आहेत का, सफाई करणाऱ्यालाही त्या मिळतात का, आशाताईंचे मानधन वेळेवर होते का, हे ग्रामसभेत विचारा. दवाखान्यात जाताना ताप-खोकला लपवू नका, आणि दारात आलेल्या परिचारिकेला उंबऱ्यावर ताटकळत ठेवू नका. सावित्रीबाई मुंढव्याला गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ यातले काहीच नव्हते. आज असूनही ते हात लावणाऱ्यापर्यंत पोहोचले नाही, तर तो दोष रोगाचा नसेल, आपला असेल.